दर्भाचा कावळा

काळ्या तिळाचा वास आला की मला आजोबांचा दहावा आठवतो. आजोबा शहरातले नावाजलेले वकील, त्यामुळे घाटावर निम्मं कोर्ट उभं होतं. पिंडाला कावळा काही शिवेना. काका हात जोडून म्हणाले, "बाबा, ऑफिस सांभाळतो, आईले पाहतो." कावळा फांदीवरच. आजी पुटपुटली, "पोरीचं सांग ना गा." जन्मापासून मतिमंद असलेली आत्या तेव्हा हुडकेश्वरच्या घरात कुलपात होती, लोकांना मात्र ती लहानपणीच वारली असं सांगितलेलं. काकांनी मागे उभ्या जजसाहेबांकडे पाहिलं आणि गुरुजींना दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायला सांगितलं. यंदा आत्या गेली. दहाव्याचा विषय घरात कोणी काढलाच नाही. लोकांच्या लेखी तो केव्हाच होऊन गेला होता.