न धुताच बंद केलेला दात

लिंबायतच्या घरात बसून साड्यांचे लोंबते धागे तोडायचं काम मी वीस वर्षं केलंय. कात्री असते हो, पण हात भरभर चालायला लागला की दातच पुढे होतो. त्यानंच माझा वरचा समोरचा दात सडला आणि रूट कॅनल करायची पाळी आली.

पर्वत पाटियाजवळच्या डॉक्टरानं वीस मिनिटांत उरकलं. आत दोन सुया फिरवल्या, मसाला भरला, जा म्हणाला. महिन्याभरात हिरडीवर पुवाची पुळी. परत गेले तर म्हणतो कसा, "तुम्ही लोक दुसऱ्यांदा येतच नाही. म्हणून मी एकाच वेळी बंद करून टाकतो. आता दात काढूनच टाका."

तुम्ही लोक! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, साडीवर मशीनच्या तेलाचा डाग दिसला तर तो काढल्याशिवाय आम्ही घडी घालत नाही. आणि ह्यानं आतली घाण तशीच ठेवून वरून बूच मारलं!

चाळिशीत समोर खिंडार घेऊन फिरायची माझी तयारी नव्हती. बमरोलीत एक डॉक्टरीणबाई शोधल्या. थुंकी आत जाऊ नये म्हणून त्यांनी दाताभोवती रबराचा पडदा ताणला, जुना मसाला उकरून काढला आणि आतून धुतलं. धुतलं म्हणजे किती! सुई फिरवायची, पिचकारीनं औषधाचं पाणी सोडायचं, ओढून घ्यायचं, पुन्हा तेच. पाण्याच्या टाकीत टाकतात त्या पावडरीसारखा वास. शेवटी आत औषध ठेवून दात तात्पुरता बंद केला.

"आठ दिवसांनी या. अजून एकदा धुऊन मगच कायमचं भरीन. नाही आलात तर दात जाईल," त्या म्हणाल्या. "आणि धागा दातानं तोडायचा नाही."

तिसऱ्या दिवशी ठणका पार थांबला. आठव्या दिवशी लग्नसराईच्या साड्यांचे गठ्ठे दारात. नवरा म्हणाला, "आते दुखस का? नही ना, मंग कसाले जास?" खरं सांगते, माझंही मन म्हणालं, राहू दे. शेजारणीची दाढ अशीच गेली, दुखायचं थांबलं म्हणून ती परत गेलीच नव्हती. पण त्या मेल्याचं 'तुम्ही लोक' आठवलं आणि मी गठ्ठे तिथंच टाकून रिक्षात बसले.

पोचले तर माझ्या वेळेला खुर्चीत दुसराच माणूस. डॉक्टरीणबाई मला बघून चपापल्या. "अरे, आलात तुम्ही? मला वाटलं, दुखायचं थांबलं की कशाला येताय. म्हणून तुमची वेळ ह्यांना दिली."

म्हणजे ह्याही! बाकावर तासभर बसून मी काय काय सुनवायचं ते ठरवत होते. पण नंबर लागला तशी त्यांनी रबर चढवलं, आणि आ वासलेल्या तोंडानं कुणाशी भांडणार? त्यांनी पुन्हा धुतलं, बघितलं, म्हणाल्या, "पुळी बसलीय. वाचला तुमचा दात." माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

मी मानेनंच नाही म्हटलं. दात नव्हताच दुखत.