हळदीच्या पिकातली इंग्रजी

नातीनं हळदीचं पान चुरगळलं आणि त्या वासासरशी मी कुरुंद्याच्या शेतात जाऊन बसले. निजामी संपत आली होती. हत्यारबंद टोळ्या फिरायच्या, म्हणून घोड्यांच्या टापा ऐकल्या की आम्ही हळदीच्या पिकात लपायचो. त्या दिवशी मला हुंदका आवरेना. वसमतला शिकणारा आणि सुट्टीत घरी मला इंग्रजी शिकवणारा माझा थोरला भाऊ कानाशी म्हणाला, "'लवकर'ला इंग्रजीत तीन शब्द सांग. आवाज न्हाई, नुसते ओठ हलव."

क्विकली, रॅपिडली, स्विफ्टली. टापा बांधाशी थांबल्या.

"आता 'हळू'ला."

मी ओठ हलवत राहिले. बऱ्याच वेळानं टापा दूर गेल्या.

तेव्हा वाटलं, याला इथंही परीक्षाच सुचते. पण माझ्या ओठांकडे तो बघतच नव्हता. त्याची नजर बांधावर होती आणि मुठीत विळा घट्ट धरलेला होता.