सहा नंबरच्या खाटेवरून

भूतबीत मी मानत नाही. बावीस वर्षं नर्सिंगमध्ये काढली, किती मृत्यू पाहिले; गेलेलं माणूस परत आलेलं एकदाही पाहिलं नाही. तरी हे लिहितेय, कारण दुसरीकडे कुठे सांगायची सोय नाही.

सोलापुरातलं खाजगी हॉस्पिटल, बायकांचा वॉर्ड, दुपारचे साडेतीन. पाच नंबरच्या पेशंटचं अँटिबायोटिक तयार करत होते. त्याची पावडर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून शिरेतून द्यायची असते. ट्रेमधली पाण्याची म्हणून काचेची अँप्युल फोडली, सिरिंज भरली... आणि मागून आवाज आला — "अक्का, पाणी न्हाय ते."

सहा नंबरच्या दुधनीच्या आजींचा आवाज. त्या सगळ्यांनाच अक्का म्हणायच्या. वळले. खाट रिकामी, धुतलेली चादर. आजी परवाच ठणठणीत होऊन घरी गेलेल्या!

अँप्युलवरचं नाव वाचलं. पोटॅशियम. दिसायला पाण्याच्या अँप्युलसारखीच. कुणीतरी चुकीच्या ट्रेमध्ये ठेवलेली, आणि मी न वाचता फोडलेली. तसंच शिरेत गेलं असतं तर पाच नंबरचं हृदय थांबलं असतं.

मेट्रनना लगेच दाखवलं. "लक्षात कसं आलं?"

"लेबल वाचलं," मी म्हणाले.

मला बायपोलर आहे. नऊ वर्षं गोळ्या चालू आहेत, व्हिटॅमिनच्या डबीत ठेवते. आमचं कंत्राट अकरा महिन्यांचं. लॅबमधल्या एकीने स्वतःच्या डिप्रेशनचं सांगितलं, तिचं पुढे वाढलंच नाही. माझं, हा आवाज आला त्याच महिन्यात संपत होतं. आवाज मला अगदी वाईट दिवसांतही कधी ऐकू आले नव्हते. पण हे सिद्ध कसं करणार? माझ्या डॉक्टरांनाही बोलले नाही. डोस वाढला की हात कापतात, मग ड्यूटी कशी करू?

पुढच्या आठवड्यात जेवताना शबाना सिस्टर म्हणाली, "काल सहा नंबरवरनं मला कुणीतरी 'अक्का' म्हणून हाक मारली की! बघते तर खाट रिकामी. लई घाबरले."

"कान तपासून घे आधी," कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या, आणि मग सरकून तिच्याजवळ बसल्या. "खरं सांग, अजून काय म्हणाली?"

शबाना माझ्याकडे वळली. "ताई, तुमी सांगा, असं असतं का हो?"

"काही नसतं," मी म्हणाले आणि डबा बंद केला.

कंत्राट वाढलं. त्या आवाजाचं काय, ते मला अजून कळलेलं नाही. आता अँप्युल फोडण्याआधी नाव दोनदा वाचते. आणि मग क्षणभर थांबते... कुणी काही म्हणतंय का.