गुरुसिद्धप्पांचं पायलट

नव्या पेठेच्या तोंडाशी गुरुसिद्धप्पांची घड्याळदुरुस्तीची टपरी होती. टपरी एवढीशी, की गिऱ्हाईक आत आलं तर मालकाला उठून बाहेर यावं लागे. घड्याळ दुरुस्त व्हायला अर्धा तास लागे आणि गुरुसिद्धप्पांचं बोलणं संपायला दीड. असा कारागीर अख्ख्या सोलापुरात नाही हे सगळेच मान्य करत, पण घाईतला माणूस मात्र गुपचूप दुसरीकडे जाई.

बोलण्याचा विषय एकच, वैमानिकांची घड्याळं. लढाईच्या काळात त्यांनी बेंगळुरात विमानदुरुस्तीच्या कारखान्यात तीन वर्षं काढली होती आणि गोऱ्या वैमानिकांची घड्याळं उघडून पुसली होती. त्या तीन वर्षांच्या जोरावर गडी पुढची तीस वर्षं बोलत होता.

“पयल्यांदा घड्याळ खिशात असायचं,” भिंग कपाळावर सरकवून ते सुरू करत. “आता इमान चालवनाऱ्यानं दोनी हात दांड्यावर ठिवायचे का खिसा चाचपायचा? मग एका बहाद्दरानं ते मनगटावरच बांदून घेतलं. पुढं लढाया आल्या. काळी तबकडी का? उन्हाची तिरीप डोळ्यात जाऊ नये म्हनून. चावी मोठी का? हातमोजे घालून बी फिरवता यावी म्हनून. पट्टा लांब का? कोटाच्या बाहीवरनं बांदायचा म्हनून!” एवढं होईस्तोवर गजराचं घड्याळ घेऊन आलेली बाई ते तिथंच ठेवून भाजी आणायला गेलेली असे. घरी त्यांची बायको मल्लव्वा हा विषय निघाला की चुलीकडे काहीतरी करपतंय म्हणून उठे.

आणि गंमत अशी, की या माणसानं स्वतः असं घड्याळ उभ्या जन्मात विकत घेतलं नव्हतं. दर वेळी संसारात दुसरंच काहीतरी निकडीचं निघे.

शहात्तर साली तो योग आला. एकुलती एक लेक महानंदा हिचं लग्न जमलं. याआधी दोन स्थळं मुलगी काळी म्हणून परत गेली होती आणि तेव्हापासून घरात कोणी रंगाचं नाव काढत नसे. आता अक्कलकोटचा शिवशरण पसंती देऊन गेला होता. एमआयडीसीतल्या कारखान्यात तो जॉबर होता, म्हणजे यंत्रमाग अडला की हाक मारायची ती त्याला. महानंदालाही तो आवडला होता. तसं ती बोलली नाही, पण भाकरी थापताना गुणगुणू लागली, त्यावरून आईबापाला कळलं.

बैठकीत जावयाला घड्याळ द्यायचं ठरलं. तेव्हा तशी रीतच होती. सगळे उठता उठता शिवशरण हळूच म्हणाला, “मामा, जमलं तर पायलट घड्याळ बगा की.” गुरुसिद्धप्पांना त्याला तिथंच मिठी मारावीशी वाटली.

त्यानंतर पंधरा दिवस टपरी निम्मा वेळ बंद. एका ओळखीच्यानं मुंबईहून आणलेलं परदेशी घड्याळ दाखवलं, त्यात मोठ्या तबकडीच्या पोटात तीन छोट्या तबकड्या होत्या. “एका हातावर चार घड्याळं? जावई येळ बगंल का पंचांग?” ते परत गेलं. दुसऱ्याच्या काचेभोवती आकड्यांचं फिरतं कडं होतं, त्यावर वैमानिक अंतराचं आणि पेट्रोलचं गणित करत. ते मात्र गुरुसिद्धप्पांनी तासभर फिरवलं, स्वतः चार गणितं सोडवली आणि मग सुस्कारा सोडून म्हणाले, “टावेल विनायला याचा काय उपेग?” शेवटी एचएमटीचं पायलट पाहिलं. एचएमटीला तेव्हा नंबर लावावा लागे, पण दुकानदार ओळखीचा होता. काळी तबकडी, ठसठशीत पांढरे आकडे, कुठं चमकधमक नाही. काटे अंधारात दिसतात का ते बघायला ते भर दुकानात उपरण्यात डोकं घालून बसले. दुकानदाराला वाटलं, म्हाताऱ्याला भोवळ आली.

घरी आणून आठ दिवस ते घड्याळ त्यांनी कधी पालथं, कधी उताणं, कधी कुशीवर ठेवलं. सकाळी मिलच्या भोंग्याशी ताडलं, संध्याकाळी रेडिओच्या बातम्यांशी. तान्ह्या पोराचं कोणी एवढं केलं नसेल.

साखरपुड्याला ताट पुढं आलं. नारळ, विड्याची पानं, खण आणि मधोमध पायलट. शिवशरणची आई नागव्वा वाकून बघू लागली आणि तिचा हात मागे आला.

“ह्ये काळं हाय की. शुभकार्याच्या ताटात काळं?”

गुरुसिद्धप्पांच्या ते आत्ता ध्यानात आलं. आठ दिवस घड्याळ रोज उलटंपालटं केलं, पण ते कुठल्या ताटात ठेवायचंय हे काही डोक्यात आलं नव्हतं. विमानाच्या नादात माणूस आपल्याच दारची रीत विसरला.

“त्येचं कारन हाय अक्का,” ते घाईनं म्हणाले. “उन्हाची तिरीप वैमानिकाच्या डोळ्यात...”

“माझं पोरगं इमान चालवतंय व्हय? माग चालवतंय. आन इमानं पडत्यात की!” पाहुणे हसले. नागव्वा हसली नाही. “पांढऱ्या तबकडीचं आना, मग बगू. आज ऱ्हाऊ द्या. काळं आमाला नको.”

‘काळं नको’ हे शब्द त्या घरानं आधी दोनदा ऐकले होते. मल्लव्वानं हातातल्या कुंकवाच्या करंड्याचं झाकण मिटलं. शिवशरण आईकडे बघत काहीतरी पुटपुटला, ते कोणाला ऐकू गेलं नाही. आपल्या हौसेपायी लेकीचं तिसरं स्थळ हातचं चाललं, या विचारानं गुरुसिद्धप्पांनी घड्याळ उचलायला हात पुढं केला.

तेवढ्यात पाटावर मान घालून बसलेल्या महानंदानं मान वर केली.

“आत्याबाई, लग्नात मला काळे मनीच घालनार न्हवं? बाईच्या गळ्यात काळं शुभ, तर बाप्याच्या हातात अशुभ कसं?”

नवरी मुलगी साखरपुड्यात बोलली! विधीला बसलेले जंगमस्वामी खोकले. नागव्वाचा हात आपसूक स्वतःच्या गळ्यातल्या मण्यांवर गेला. ती पोरीकडे बघत राहिली आणि मग खुदकन हसली.

“हुडगी श्यानी हाय की! लावा गं कुंकू. आमच्या घरात समदी मुकी हायती, एक तरी बोलनारी पायजे.”

शिवशरणनं घड्याळ बांधलं. उत्साहाच्या भरात चावी जरा ओढली, तर सेकंदकाटा जागच्या जागी थांबला. त्याचा चेहरा पडला. गुरुसिद्धप्पांनी तोंड उघडलं, पण महानंदा आधी बोलली.

“बिघडलं न्हाय ते. चावी वढली की काटा थांबतो. उडायच्या आदी समद्या वैमानिकांनी एकदम काटे थांबवायचे, आन एकदम सोडायचे. मंजी कोन कुटं बी गेलं, तरी समद्यांची येळ एकच.”

शब्द न् शब्द बापाचाच होता, मधे थांबण्याची लकबसुद्धा. इतकी वर्षं त्यांना वाटे, पोर मुकाट्यानं ताट वाढतेय, तिचं लक्ष कुठंय! गुरुसिद्धप्पांनी उघडलेलं तोंड मिटलं. त्यांना भरून आलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

पाहुणे गेल्यावर ते ओसरीवर नुसतेच बसून राहिले. मल्लव्वा ताटं आवरत होती.

“ही गेल्यावर माझं ऐकनार कोन गं?”

मल्लव्वानं ताटं खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि त्यांच्यासमोर येऊन बसली.

“मी हाय की,” ती म्हणाली. “सांगा. पयल्यापासनं सांगा.”