दोन फेऱ्यांपुरती

“पाय धुऊन ये आधी. ट्रॅक खराब होईल.”

सांगलीच्या क्रीडा संकुलात मला ऐकवलेलं हे पहिलं वाक्य. बोलणारे तिथले कोच होते. मी म्हसवडहून पहाटेच्या एसटीने आले होते. पायात धुळीने भरलेले कापडी बूट, कानामागे गुलाल. आदल्या दिवशी गावाने मला सिद्धनाथाच्या देवळासमोर उभं करून गुलालाने माखलं होतं. कारण संकुलातून पत्र आलं होतं : ‘सरावासाठी उपस्थित राहावे.’ माझे वडील, आबा, मेंढरं राखतात. त्यांनी ते पत्र तीन जणांकडून वाचून घेतलं आणि तिघांनीही एकच अर्थ काढला. पोरगी सरकारच्या खेळाडू योजनेत निवडली गेली. आमच्याकडे एकदा गुलाल उधळला की माणूस जिंकलेलाच असतो. मग कागद कोणी पुन्हा वाचत नाही.

मी नळाखाली पाय धुतले. तोंड धुतलं. गुलाबी पाणी सिमेंटवरून गटाराकडे गेलं. मग कोचनी काम सांगितलं.

“दोन फेऱ्या हिच्या पुढं पळायचं. जोरात. मग बाजूला व्हायचं.”

‘ही’ म्हणजे योजनेतली मुलगी. हळदीच्या व्यापाऱ्याची, माझ्याच वयाची. ती पंधराशे मीटर पळायची, म्हणजे पावणेचार फेऱ्या. सुरुवातीला तिला वेग धरून द्यायला पुढे कोणीतरी लागत होतं. त्या कोणीतरीसाठी पत्र आलं होतं. गावात मी हे कुणाला सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगणार?

वर्षभर दर शनिवारी गेले. दोन फेऱ्या पळायचे आणि गवतात उभी राहून उरलेल्या तिच्या बघायचे.

जळायचे मी तिच्यावर. खोटं कशाला बोलू? तिच्या मागे सरकारचा कोच, सरकारची मालीश करणारी बाई, सरकारी खर्चाने परदेशात सराव. आमच्या माण तालुक्यातही मैदान मंजूर होतं. त्याचा फलक होता, फलकामागे बाभळी. आम्ही पळायचो माणगंगेच्या कोरड्या पात्रात, वाळूत. कोच तिचं नाव किती वेळा घेतात ते मी मोजायचे. मला ते “ए म्हसवड” म्हणायचे. तिची मांडी धरली तर तिला तपासायला पुण्याला नेलं. माझा घोटा सुजला तेव्हा आईने वीट तापवून शेकला. मला तिच्या त्या दुखण्याचासुद्धा हेवा वाटला. एवढी खाली उतरले होते मी.

आणि ती वाईट नव्हती, हेच जास्त झोंबायचं. एकदा तिने आपले जुने स्पाइक्स, पळायचे खिळ्यांचे बूट, मला दिले.

“मला नकोयत आता. तुला होतील बघ.”

एक नंबर मोठे होते. पुढे मेंढीची लोकर कोंबून मी ते घातले. तिच्याच बुटांत तिच्या पुढे पळाले आणि तिच्यासाठी बाजूला झाले.

मग तो शनिवार आला. पुण्याहून योजनेचे साहेब येणार होते, तिची वेळ बघायला. आणि मला न सांगता आबाही आले. खांद्यावर घोंगडं, हातात भाकरीचं फडकं. पायरीवर बसले.

“म्हटलं पोरगी पळती कशी त्ये बघावं. कितवी येशील गं?”

“बघा की आबा,” एवढंच मी म्हणाले.

शिट्टी वाजली. एक फेरी झाली. दुसरी संपत आली. कोच हात हलवून बाजूला व्हायला सांगत होते. त्यांच्या मागे आबा उठून उभे राहिले होते, घोंगडं खाली पडलेलं. मी बाजूला झाले नाही.

तिसरी फेरी मी पुढे होते. छाती फाटत होती. शेवटच्या वळणावर ती मला ओलांडून गेली. हरले. शेवट कसा पळायचा हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. पण रेघ ओलांडूनच थांबले.

“तुला थांबायला सांगितलं होतं ना?” कोच अंगावर आले.

“सर, माझं टायमिंग?”

“तुझं कोण लावतंय? घड्याळ तिच्यावर होतं.”

तोवर आबा खाली आले होते. साहेबांसमोर हात जोडून म्हणाले, “दुसरी आली न्हवं माजी पोरगी? मग लिवा की तसं.”

साहेब हसले. “आजोबा, ती स्पर्धक नाहीये.”

“मग कोन हाय ती?”

कोच साहेबांना घड्याळ दाखवायला लागले. मी आबांचं घोंगडं उचलून आणलं.

परतीच्या एसटीत मी आबांना सगळं सांगितलं. पत्राचं, दोन फेऱ्यांचं, पाय धुतल्याचं. मग म्हणाले, “मंजी गुलाल आमी कशाचा उधळला गं?” मी स्पाइक्समधली लोकर काढून घेतली आणि स्पाइक्स त्याच बसमध्ये सीटखाली सोडून दिले. पुन्हा गेले नाही.

आता मी म्हसवडलाच पोरींना पळायला शिकवते. त्याच वाळूत. फलक तसाच आहे, बाभळी वाढल्यात. गेल्या आठवड्यात संकुलातून पत्र आलं. एक मुलगी पाठवा, ‘सरावासाठी उपस्थित राहावे.’ तेच वाक्य. सगळ्यांत जोरात पळणाऱ्या पोरीची आई संध्याकाळी गुलालाची पुडी घेऊन दारात. “बाई, आमची निवडली म्हनं?”

मी पुडी तिच्या हातातच राहू दिली. पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, दोनदा. मग उत्तर लिहिलं. मुलीचं नाव योजनेच्या यादीत घाला. तिच्यावर वेगळं घड्याळ लावा. ती पावणेचार फेऱ्या पळेल. हे लेखी द्या, नाहीतर मुलगी मिळणार नाही. खाली आमच्या मंजूर मैदानाचं काय झालं, तेही विचारलं. अकरा पोरींच्या सह्या घेतल्या.

हेवा गेलेला नाही. टीव्हीवर कुठलीही चांगल्या बुटातली पोरगी दिसली की अजून आधी तिचे बूटच बघते. हा हेवा जाऊ नये असंच वाटतं. उत्तर नाही आलं, तर पुढच्या शनिवारी अकराही जणींना घेऊन मी सांगलीला जाणार आहे. नळ कुठे आहे ते मला ठाऊक आहे. आम्ही पाय धुणार नाही.