आकाराम डायव्हरला मनाई झाली

आकारामला गावात कुणी नावानं हाक मारत नसे. सगळ्यांचा तो डायव्हर. लढाईत ब्रह्मदेशाच्या डोंगरांतून त्यानं लष्करी लॉऱ्या हाकल्या होत्या. सेहेचाळीस साली तो परतला तो अंगावर खाकी कोट, डोक्यावर पत्र्याची पेटी आणि खिशात मोटारीचा परवाना घेऊन. त्याचं गाव मिरजेहून कवठे महांकाळला जाणाऱ्या सडकेवर, मिरजेच्या अंगाला. त्या सडकेनं सांगलीच्या जैनुद्दीनचाचांची सर्व्हिस मोटार धावायची. चाचा एक फेरी त्याच्या शेजारी बसले, त्याचा हात बघितला, आणि उतरताना किल्ली त्याच्याकडेच ठेवून गेले.

पेट्रोल मिळायचं मुश्किल, म्हणून मोटार कोळशाच्या ग्यासवर चालायची. चढ आला की म्हाताऱ्या माणसासारखी धापा टाकायची. पण आकारामच्या हाती ती गुणाची झाली. खड्डा आला तर तो तिला असा उतरवायचा की मांडीवरचं तान्हं जागं होऊ नये. मिरजेच्या बाजाराला कोंबड्या नेणारी धोंडुबाई मोटारीत पाय ठेवण्याआधी विचारायची, "आकाराम हाय न्हवं चाकावर? मग बसते बाई."

आणि अशा माणसाच्या बाबतीत ते सुरू झालं.

पहिल्या खेपेला त्याचं त्यालाच उमगलं नाही. कवठ्याहून निघाला होता एवढं आठवत होतं. मग एकदम मागून दोघं जण ओरडायला लागले, "आवं डायव्हर, शिरढोण गेलं की मागं! उतरायचं हुतं आमाला!" आकारामनं मोटार थांबवली. शिरढोण आलं कधी आणि गेलं कधी? हातांनी चाक फिरवलं होतं, पायांनी वेग सांभाळला होता, पण तो स्वतः तिथं नव्हता. तो कुठं होता तेही त्याला पक्कं ठाऊक होतं. ओल्या झाडीची ती वाट होती, उजवीकडं खोल दरी, आणि पुढच्या लॉरीच्या मागच्या फळीवरचा चिखल.

तो हसला, "डुलकी लागली गड्यांनो," म्हणाला. लोकही हसले. पण त्या दोघांना उतरवून पुढं निघताना त्यानं चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

पुढं असं अधूनमधून होत राहिलं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. चाचांना नाही, बायकोला, साळूबाईला, तर मुळीच नाही. सांगायचं तरी काय? लढाई संपली, पण आपली अजून चालू आहे, म्हणून?

चैत्रात एका दुपारी कुणी तरी शेतातली ज्वारीची धसकटं पेटवली होती. वाऱ्यानं धूर सडकेवर आडवा आला. आकारामनं करकचून ब्रेक दाबला, दार उघडून खाली उडी मारली आणि लष्करी हिंदीत ओरडला, "उतरो! सब उतरो! लेट जाओ!" त्याचा आवाजच असा होता की लोक मुकाट उतरले. कुणी चरात झोपले, कुणी बाभळीमागं दडले. धोंडुबाई कोंबड्यांची पाटी पोटाशी धरून पालथी पडली. आकाराम मान वर करून रिकाम्या आभाळाकडं बघत होता.

धूर विरला तसा तो भानावर आला. सडकेकडेला माणसं पालथी पडलेली बघून त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कुणी शिव्या घातल्या, कुणी भूतबाधा म्हणालं. धोंडुबाईनं मात्र लुगडं झटकलं आणि जवळ येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "कोन आलं हुतं रं लेकरा?"

दुसऱ्या दिवशी चाचा त्याला मिरजेतल्या एका वयस्क डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी नाडी बघितली, डोळे बघितले, मग खुर्ची जवळ ओढून विचारलं, "झोप लागते का?"

"लागती. पर झोप बी तिकडंच नेती."

डॉक्टर बराच वेळ त्याच्याशी बोलले. शेवटी म्हणाले, "आकाराम, तू वेडा नाहीस आणि भित्राही नाहीस. हा मनाचा आजार आहे. लढाईवरून आलेल्या पुष्कळांना मी असं बघतोय. पण चाक हातात असताना तू इथं असशील की तिथं, हे तुलाही सांगता येत नाही आणि मलाही. मोटार चालवू नकोस."

"कवापतूर?"

"ते मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "खोटं कशाला सांगू?"

बाहेर आल्यावर आकारामनं खिशातली किल्ली काढून चाचांपुढं धरली. चाचांना ती घेववेना. "ठेव रे तुझ्याकडं," ते म्हणाले.

"न्हाई चाचा. जवळ असली तर हात वळवळंल."

घरी त्यानं हे लपवलं. रोज सकाळी खाकी कोट घालून तो बाहेर पडायचा आणि ओढ्याकाठच्या चिंचेखाली बसून राहायचा. सडकेवरून दुसऱ्या कुणाच्या हाती चाचांची मोटार गेली की मान फिरवायचा. एके दिवशी साळूबाई भाकरीचं फडकं घेऊन थेट चिंचेखालीच आली आणि त्याच्यासमोर बसली.

"तुला कुनी सांगितलं?" त्यानं विचारलं.

"कुनी सांगाया कशाला पायजे?" ती कांदा फोडत म्हणाली. "आल्यापास्नं झोपंत माझ्या पायावर बिरेक मारताय तुमी. पाय काळानिळा पडलाय माझा. मला ठावं न्हाई व्हय?"

आकारामला हसू आलं. हसता हसता रडू फुटलं. ती उठली नाही, गप्प राहा म्हणाली नाही. त्याचं आवरेपर्यंत बसून राहिली, मग भाकरी मोडून त्याच्या हातात दिली.

दोघं शेतात राबू लागली. गाव कुजबुजायचं. कुणी देवऋषी सुचवायचं, कुणी म्हणायचं, डायव्हरनं मोटार ठोकली म्हणून चाचानं काढलं. आकाराम खाली मान घालून ऐकून घ्यायचा. खरं कारण त्यानं चारचौघांत काढलं नव्हतं.

त्याची धाकटी बहीण हरणाबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला कळा सुरू झाल्या, पण दुपार झाली तरी सुटका होईना. सुईण बाहेर आली, तिचा चेहरा उतरला होता. म्हणाली, "माझ्या हातातलं न्हाई ऱ्हायलं. मिरजंला न्या." चाचांची मोटार कधीच पुढं गेली होती. पण सडकेची खडी वाहणारी कंत्राटदाराची लॉरी पारापाशी उभी होती. तिचा चालक लग्नाला गेला होता आणि किल्ली पाटलांच्या घरी ठेवली होती. हरणाबाईचा नवरा भाऊसो तिच्यासाठी येऊन राहिला होता, तो धावत गेला आणि किल्ली घेऊन आला.

"चल आकाराम. काढ लॉरी."

सगळं गाव पारापाशी जमलं होतं. आकारामनं किल्लीकडं बघितलं. लॉरीनं गेलं तर हरणी लवकर पोचेल, हे त्याला सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं.

"मी चालवनार न्हाई," तो म्हणाला.

"आरं, तुझीच बहीन हाय ती!"

"म्हनून तर न्हाई, दाजी." त्याचा आवाज फुटला, पण तो थांबला नाही. "माझं मन जागंवर न्हाई. कवा सुटून जाईल सांगता येत न्हाई. डाक्टरनी मनाई केलीया. मला आजार हाय."

भाऊसोचा हात तसाच पुढं राहिला, मग खाली गेला. तेवढ्यात बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला. साळूबाईनं गाडी जुंपून आणली होती. आत कडबा पसरून वर घोंगडी घातली होती. आकाराम लढाईवर असताना शेत तिनंच कसलं होतं, आणि ती खिल्लारी जोडी तिच्याशिवाय कुणाचं नीट ऐकत नसे. कासोटा आवळून ती धुरेवर बसली होती.

"तुमी हरनीला धरून बसा," ती नवऱ्याला म्हणाली. "आन दाजी, तुमी सायकल घेऊन फुडं जावा. डाक्टरला सांगून ठेवा."

गाडी निघाली. साळूबाई बैलांशी बोलत होती, कधी गोंजारत, कधी दटावत. सुईण पायांशी बसली होती. हरणाबाईचं डोकं आकारामच्या मांडीवर होतं आणि कळ आली की ती त्याचं मनगट आवळायची. मिरज जवळ आली तशी डाव्या हाताला विटांची भट्टी लागली. भट्टीचा धूर सडकेवर उतरला होता.

आकाराम पुन्हा तिकडं गेला. ओली झाडी, दरी, पुढची लॉरी. कुठून तरी कुणी तरी हाक मारत होतं.

"दादा! ए दादा! हिकडं बघ. मी हाय."

हरणाबाईनं त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं. त्या तसल्या कळांत ती त्याला परत बोलावत होती. आकारामनं डोळे मिटले, उघडले. भट्टी मागं पडली होती. गाडी वाटेनं नीट चालली होती आणि कासरा साळूच्या हातात होता.

"हाय गं," तो म्हणाला. "हितंच हाय मी."

दिवस मावळायच्या आत दवाखान्यात हरणाबाईची सुटका झाली. मुलगी झाली. जरा अशक्त होती, पण रडणं खणखणीत होतं. भाऊसो बाहेर आला, आकारामशेजारी पायरीवर बसला. म्हणाला, "पारावर म्या आवाज चढवला. मनात धरू नकोस." आकारामनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

त्यानंतर गावानं डायव्हरची कुजबुज सोडली. जे त्यानं स्वतःच सांगितलं, ते कुजबुजायचं कशाला? धुरापाशी तो थबकला की कुणी तरी सहज येऊन त्याला तंबाखू मागायचं, गावातलं काही बोलत राहायचं, आणि तो परत यायचा. चाचांनी त्याला मिरजेच्या मोटार अड्ड्यावर काम दिलं. उतारूंना बसवायचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांना चढवायचं. डॉक्टरांकडं तो जात राहिला. आजार एकदम गेला नाही. पण पाऊसकाळ सरताना ढग विरळ होतात तसा तो विरळ होत गेला. एकोणपन्नास साली चाचांनी, चालवतोस का पुन्हा, असं विचारलं. तेव्हा तो म्हणाला, "अजून न्हाई, चाचा. डाक्टर म्हनतील तवा." त्याच्या बोलण्यात आता लाज नव्हती.

बाजारच्या दिवशी साळूबाई गाडीतून शेंगा घेऊन मिरजेला यायची आणि परतताना अड्ड्यावरून त्याला घेऊन जायची. बाई गाडी हाकते आणि बुवा शेजारी बसतो, याचं लोकांना सुरुवातीला नवल वाटलं, नंतर वाटेनासं झालं. अशाच एका परतीच्या वाटेवर, ऊन कललं असताना, सडकेकडं बघत आकाराम आपणहून बोलू लागला.

"आमच्या कंपनीत खंडाळ्याचा जोतिबा हुता. माझ्या शेजारी बसायचा, लॉरीत. विमानं आली तवा तिथंच गेला, बसल्या जागी. माघारी वळाया जागा न्हाई, थांबाया हुकूम न्हाई. संध्याकाळपतूर त्याला शेजारी घेऊन चालवत ऱ्हायलो, साळू. त्याच्याशी बोलत हुतो."

साळूबाईनं त्याच्याकडं वळून बघितलं नाही. तिनं कासरा सैल सोडला, तसे बैल पावलावर आले.

"काय बोलत हुता?" तिनं विचारलं.

"त्याच्याच गावचं. त्याची म्हस, त्याच्या आईचं कालवन, त्यांच्या हिरीचं पानी. त्यानं मला सांगितलेलं समदं त्यालाच सांगत बसलो."

"मग मला बी सांगा," साळूबाई म्हणाली. "कसली हुती म्हस?"

"काळीभोर. कपाळावर पांढरा ठिपका," आकाराम म्हणाला, आणि सांगू लागला.