रस्ता पाठ असलेला माणूस

"सर, वाचा बरं, काय लिवलंय त्या पाटीवर?" गावाची पाटी आली की चाचा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून म्हणायचे. पुढच्या सीटवर बसणाऱ्याने ती मोठ्याने वाचायची, हा त्यांच्या जीपचा कायदाच होता.

आमच्या भागात एक थोर कवी होऊन गेले. त्यांची शाळा जानेफळला, घर साखरखेर्ड्याला. मी मेहकरच्या कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळे दर हिवाळ्यात पोरांना ती ठिकाणं दाखवायचं काम माझ्याच गळ्यात. जीप कायम चाचांची. कवीच्या घराच्या भिंतीवर कोरलेल्या ओळीही ते आम्हाला वाचायला लावायचे आणि मान खाली घालून ऐकायचे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला कवितेचं केवढं वेड! मी वर्गात त्यांचं उदाहरण द्यायचो. शहाणाच की नाही मी, तुम्हीच सांगा.

मागच्या हिवाळ्यात, साखरखेर्ड्याच्या अलीकडे, समोरून कापसाची बैलगाडी आली. सरळ रस्ता, लख्ख ऊन. चाचांनी ब्रेकच लावला नाही. मी ओरडलो तेव्हा कुठे स्टिअरिंग फिरलं आणि चाक कडेच्या मुरमावर घसरलं. मागे पोरं हसत होती.

पोरं कवीच्या घरात शिरल्यावर मी चाचांना बाजूला घेतलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. डावा डोळा कधीच गेला होता आणि उजव्याने सगळं धुकटच दिसत होतं.

"काऊन सांगितलं नाही, चाचा?" माझ्याही तोंडून घरची बोली निघाली.

"सांगितलं असतं तर पोरं बसवले असते काय तुमी? एवढा हिवाळा जाऊ द्या, सर. मंग चाबी ठेवून देतो. कोनाले सांगू नका."

दुसरी गाडी मागवायला हवी होती. वीस वर्षांची ओळख आड आली, नाही मागवली. परतताना मी सारखा बोलत होतो. वळण आलं, म्हैस आली, सायकलवाला आला. चाचा हळूच "हाव, हाव" म्हणत होते. पोरांना वाटलं, सरांचा काही खेळ चाललाय.

आठवड्याने एका शाळेतल्या बाईंचा फोन आला. त्यांना लहान मुलांची हीच सहल काढायची होती. चाचांची जीप सांगू का, माणूस भरवशाचा आहे ना, असं त्यांनी विचारलं.

"रस्ता पाठ आहे त्यांना," मी म्हणालो.

सहलीच्या दिवशी जानेफळला मुलं शाळा बघत होती, तेवढ्यात चाचा एकटेच डिझेल भरायला निघाले. वाटेतला छोटा पूल रुंदीकरणासाठी आदल्याच दिवशी उखडला होता. जीप सरळ खाली गेली, चाचा जागीच गेले.

चाचांच्या घरी भेटायला गेलो, तर बाई तिथे आधीच बसल्या होत्या. त्यांना रडू आवरत नव्हतं. म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत तसाच होता हो माणूस. एकेका मुलाला हात धरून उतरवलं त्यांनी."

मी नुसती मान हलवली.